शंभर खाटांची अट

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. विमान धावपट्टीवरून सुटलं की मी खुर्चीचे हात घट्ट धरतो. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये जराशी थरथरली, तरी माझी मनातल्या मनात सगळ्यांची निरवानिरव करून होते. अशा माणसाला देशाच्या वतीने दुसऱ्या देशाशी वाटाघाटी करायला कोण पाठवतं, असं तुम्ही विचाराल. पण आमच्या धंद्यात भित्री माणसंच टिकतात. धीट माणूस पहिल्याच दिवशी 'हो' म्हणून बसतो आणि मग ते 'हो' पुढची कित्येक वर्षं इतरांना निस्तरावं लागतं.

दोन देशांमध्ये मुक्त व्यापाराचा करार व्हायचा म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर आंबे, मोटारी, कापड असं काहीतरी येतं. माझा कोपरा वेगळा आहे. मी सेवांचं बघतो. बँका, दवाखाने, वकील, संगणकवाले, नर्स. समोरच्या देशातल्या कोणाला आपण आपल्याकडे काम करू द्यायचं, आपल्या कोणाला त्यांनी तिकडे येऊ द्यायचं आणि कोणत्या अटींवर, हे ओळीओळीने ठरवायचं. एकदा ओळ लिहून झाली की ती देशाची बांधिलकी. मागे घेणं जवळजवळ अशक्य. यावेळी आमची सगळ्यात मोठी मागणी होती नर्सेसची. समोरचा देश थंड हवेचा. तिथे म्हातारी माणसं फार आणि त्यांना उठवून बसवणारे हात कमी. आपल्या नर्सेसना येऊ द्या, असं आम्ही दीड वर्ष म्हणत होतो.

या कामात शिरलं की पहिला धडा मिळतो तो हा: आपल्याला कुठे दुखतं, ते समोरच्याला कळू द्यायचं नाही. कळलं, की तो तिथेच बोट ठेवतो आणि बोट काढायची किंमत मागतो. म्हणून कोणी काही विचारलं की आम्ही 'नोंद घेतली' म्हणतो, 'तपासून पाहू' म्हणतो, फारच झालं तर 'विशेष अडचण नाही' म्हणतो. माझ्या बायकोचं म्हणणं आहे की आमटीत मीठ कमी आहे का असं विचारलं तरी मी 'खुल्या मनाने विचार करू' असं उत्तर देतो. ती थोडं वाढवून सांगते. पण या सवयीपायी मी मरता मरता वाचलो, आणि तेच सांगायला बसलो आहे.

यंदाची फेरी मुंबईत होती. भात कापणीचे दिवस. मध्ये शनिवार-रविवार मोकळा होता. आमच्या पथकाच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "दीड वर्ष आपण नर्स, नर्स करतोय. कुठे काम करतात त्या, एकदा बघून तरी ये. शहरातल्या नकोत. डहाणू-तलासरीकडे जा." मी "बघतो" म्हणालो. मॅडमनी तो होकार धरला.

डहाणू रोड

शुक्रवारी संध्याकाळी डहाणू रोडला उतरलो. मुक्कामाची सोय मसोलीला रमणभाईंच्या घरी होती. रमणभाई रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त झालेत. घरामागची एक खोली पाहुण्यांना देतात आणि पाहुण्याला हिंडायचं असेल तर स्वतःच्या गाडीतून हिंडवतात. माणूस गोल, हसरा आणि अखंड बोलणारा. त्यांचं वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि शेवटाकडे गुजरातीत कधी शिरायचं, ते त्यांनाही कळायचं नाही. घाबरले की मात्र ते पूर्ण गुजराती होतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दिवस मावळायच्या आत त्यांनी मला समुद्रावर नेलं. ओहोटी होती. पाणी इतकं मागे गेलेलं की ते परत येईल असं वाटेना. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते, दोन-दोन, जबड्यात जबडा अडकवून. मला आमच्या फेऱ्यांची आठवण झाली. आम्हीही असेच अडकून वाळत असतो.

रात्री जशुबेननी खिचडी-कढी वाढली. कढीत गूळ. मी मूळचा सांगलीचा. आमच्याकडे कढीत गूळ घातला तर आधी माणसाला बरं आहे ना, अशी चौकशी होते. पण दिल्लीत इतकी वर्षं काढल्यावर मला घरासारखं काहीही चालतं. दोन वाट्या प्यायलो.

"साहेब, तुम्ही करता काय नक्की?" रमणभाईंनी विचारलं. मी समजावून सांगितलं.

ते विचारात पडले. "म्हणजे दिवसभर समोरासमोर बसायचं आणि कोणी खरं बोलायचं नाही?"

"खोटंही बोलत नाही आम्ही."

"तो पछी करता शुं?"

जशुबेन हसल्या. मीही हसलो.

झोपायला जाताना रमणभाई दारात थांबून म्हणाले, "सकाळी बूट झटकून घाला हां. पावसाळा संपला की आमच्याकडे सगळेच बाहेर पडतात." सगळे म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी भीतीने विचारलं नाही. पंखा, खिडकी, कपाटाच्या मागे, सगळीकडे बॅटरी मारून मी पाय पोटाशी घेऊन झोपलो.

चारोटी

सकाळी बूट झटकले. काही पडलं नाही. बुटात पाय घालताना तरी अंगठा आधी आत पाठवून अंदाज घेतला आणि बाकीचा पाय नंतर.

आशागडवरून जाताना रस्त्याला लागून चिकूच्या वाड्या होत्या. एका वाडीच्या दाराशी बायका चिकू निवडत बसल्या होत्या, मोठे एकीकडे, बारके दुसरीकडे. गाडीतही चिकूचा गोड वास भरला. चारोटीला हायवेवर न्याहारीसाठी थांबलो. गरम भजी, बरोबर कच्च्या पपईचा संभारा. पलीकडे अहमदाबादकडे जाणारे ट्रक उभे होते, अलीकडे वसईची पाटी लावलेली जीप माणसं भरत होती. सांगलीकडे भज्यांबरोबर तळलेली मिरची मिळते आणि माणूस रडत खातो. इथे पपईने सगळं शांत केलं होतं.

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. आवाजात आनंद होता. वाटाघाटीत आनंद झाला की मला धास्ती बसते.

"काल रात्री त्यांचा कागद आला. नर्सेस कबूल केल्यात! एकच अट आहे. शंभर खाटांच्या रुग्णालयात सलग दोन वर्षं काम केलेलं असावं. आपण ही अट घेतली तर ते आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांची तिकडे राहायची मुदत वाढवायला तयार आहेत. दुखतंय का आपल्याला यात काही?"

मी भजं गिळलं. पुण्या-मुंबईची मोठमोठी रुग्णालयं डोळ्यांसमोर आली. शंभर खाटा म्हणजे काय फार नाही.

"विशेष नाही वाटत," मी म्हणालो. "पण बघतो."

"संध्याकाळपर्यंत सांग. सोमवारी टेबलावर उत्तर द्यायचंय."

फोन ठेवला, पण पुढचं भजं उचललं नाही. समोरचा जेव्हा सहज काही देतो, तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने काय घेतलंय हे आपल्याला अजून दिसलेलं नसतं. उरलेली भजी रमणभाईंनी संपवली.

तलासरी

तलासरी तालुक्यातलं ते आरोग्य केंद्र एका चढावर होतं. पुढे व्हरांडा, आत सहा खाटा, मागे विहीर. गुजरातची हद्द इतकी जवळ की व्हरांड्याच्या एका टोकाला माझा मोबाइल मला गुजरातमध्ये स्वागत असल्याचं कळवी आणि दुसऱ्या टोकाला परत महाराष्ट्रात आणी.

वनिता सिस्टर तिथे नर्स होत्या. वय तिशीच्या आसपास. जवळच्याच पाड्यावर वाढलेल्या, नर्सिंग शिकून इथेच लागलेल्या. डॉक्टर एका बाळंतिणीला ॲम्ब्युलन्समधून डहाणूला घेऊन गेले होते. खाटांवर दोन तापाचे रुग्ण आणि एक म्हातारे आजोबा होते. सिस्टर एकीकडे सलाइन बदलत होत्या आणि दुसरीकडे माझ्याशी बोलत होत्या.

"या दिवसांत काय जास्त येतं?" मी विचारलं.

"साप," त्या म्हणाल्या. "कापणी चालू आहे ना, सर. भाऱ्याखाली हात घातला की चावतो. औषध असतं आमच्याकडे. पण विष श्वासावर गेलं तर मशीन नाही. मग हे." त्यांनी भिंतीवरच्या खुंटीवरून रबराचा एक फुगा काढून दाखवला, पुढे तोंडावर बसवायचा मुखवटा. "दाबत राहायचं. डहाणूला पोचेपर्यंत. हात थांबला तर पेशंटचा श्वास थांबला."

मी तो फुगा हातात घेतला नाही.

मग मी माझ्या कामाचा प्रश्न विचारला. परदेशात काम करायची संधी मिळाली तर जाल का? मला वाटलं होतं लाजतील, घर-गाव म्हणतील. सिस्टरनी सलाइनचा थेंब बारीक केला आणि म्हणाल्या, "जाईन. माझी एक मैत्रीण दुसऱ्या एका देशात गेली. तिच्या वॉर्डात प्रत्येक खाटेला मशीन आहे. मला इथे रोज भीती वाटते, सर. मला एकदा न घाबरता काम करून बघायचंय. ते शिकायचंय."

"आणि मग परत?"

"ते आत्ताच कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "तुमच्या करारात नर्सचं होणार आहे का?"

"विचार चालू आहे," मी म्हणालो. मला सांगायची परवानगीही नव्हती. त्यांनी मान डोलावली. सरकारी माणसाकडून असंच उत्तर येणार, हे त्यांना ठाऊक असावं.

बाहेर पडताना माझी नजर परत आत गेली. सहा खाटा. चारोटीला जे दिसलं नव्हतं, ते आता दिसलं. शंभर खाटांच्या अटीत ही बाई कुठेच बसत नव्हती. साऱ्या तालुक्यात तिच्यासारखी एकही बसली नसती.

दुपारनंतर रमणभाई मला त्यांच्या ओळखीच्या काशीबाईंच्या खळ्यावर घेऊन गेले. काशीबाई भाजी घेऊन डहाणूच्या बाजारात येतात, तिथली त्यांची ओळख. पाड्यावर सगळे त्यांना काशीबाय म्हणत. खळ्यावर भाताचे भारे रचलेले, मुलगा आणि सून भात झोडत होते, हवेत भुसा उडत होता. काशीबाय साठीच्या, वाळलेल्या, काटक. त्या सगळ्यांनाच अरेतुरे करत. मला ते आवडलं. दिल्लीत मला इतकं आपलं कोणी म्हणत नाही.

"भाकर खाशील, साहेब?"

"थोडी चालेल," मी म्हणालो.

काशीबाय माझ्याकडे बघत राहिल्या. "खाशील का नाय खाशील?"

"खाईन."

"मंग असा सांग ना."

दिवस कलायला आला तेव्हा मॅडमचा फोन आला. खळ्यावर रेंज तुटत होती. मी फोन कानाला लावून भाऱ्यांच्या मागे गेलो, तिथे आवाज नीट येऊ लागला. पायात बूट नव्हते. पाय धुतल्यावर रमणभाईंच्या चपला अडकवल्या होत्या.

"काय म्हणतोस? घेऊया ती अट?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि डाव्या पावलाला घोट्याखाली काहीतरी टोचलं. सुई टोचावी इतकंच. मी खाली पाहिलं. भाताची कापलेली टोकं, पेंढा, सावली. काही हललं का? हलल्यासारखं वाटलं.

"ऐकतोयस ना?"

"हो. नोंद घेतली," मी म्हणालो. "सोमवारी समोरासमोर बोलू."

फोन बंद झाला. मी पाय उचलून पाहिला. दोन बारीक ठिपके, की एकच, की भाताच्या धसकटाचा ओरखडा? दुखत नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, धसकट. आणि खळ्यावर येऊन बसलो.

इथे तुम्ही मला विचाराल की अरे, लिफ्टला घाबरणारा माणूस तू, साप चावल्याची शंका आली तर ओरडला कसा नाहीस? तेच तर. माझी भीती अशी आहे की ती बोलून दाखवली की खरी होते. आणि सवय अशी की कुठे दुखतं, ते सांगायचं नाही. दोन्ही एकत्र आल्या आणि मी गप्प बसून नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीची वाट बघत राहिलो. मधूनच पाय चाचपत होतो, कोणाच्या लक्षात येणार नाही असा.

भाकरी आली. बरोबर सुक्या बोंबलाची चटणी. सांगलीच्या ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्या जिभेला नागली मातकट लागते, पण चटणी झकास होती. दोन घास गेले. तिसरा घशात अडकला. पाणी प्यायलो, तेही नीट उतरेना. समोरचा कंदील एकाचे दोन दिसायला लागला. डोळे मिटायला लागले. मी वर ओढून उघडे ठेवत होतो.

"दमलेत साहेब," रमणभाई म्हणाले.

"हो, जरा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच नाकातून आल्यासारखा वाटला.

काशीबायनी कंदील उचलून माझ्या तोंडासमोर धरला. "दमला नाय ह्यो. डोलं बघ ह्याचं. पाय दाखव रं."

मी पाय मागे घेतला. त्यांनी घोटा धरून पुढे ओढला. एवढंसं शरीर, पण पकड अशी की माझं काही चाललं नाही. कंदिलाच्या उजेडात दोन ठिपके स्पष्ट होते.

"कवा चावला?"

"काही विशेष नाही. मघाशी."

रमणभाई ताडकन उठले. "अरे भगवान! इथे विष उतरवणारा भगत कोण आहे? जल्दी बोलावो!"

"भगत मंग," काशीबाय म्हणाल्या. "पयला सिस्टर."

गाडीत मागे मला आडवं केलं. शेजारी काशीबाय, माझा पाय मांडीवर सरळ धरून. रमणभाई आता पूर्ण गुजराती झाले होते, झोपू नका म्हणून ओरडत होते. "ऊंघी नई जता हां, साहेब! ऊंघी नई जता!" खड्ड्यात गाडी आपटली की ते देवाचं नाव घेत आणि मला हाक मारत, दोन्ही एकाच सुरात. मला वाटत होतं की मी बायकोला काहीच नीट सांगितलेलं नाही, आयुष्यात एक गोष्ट सरळ सांगितलेली नाही. डोळे बंद होते, पण मी जागा होतो. सगळं ऐकू येत होतं. इतकी भीती मला कधीही वाटली नव्हती आणि ती दाखवायला चेहराच हलत नव्हता.

दुपारी पाहिलेल्या सहा खाटांपैकी कोपऱ्यातल्या खाटेवर मला ठेवलं. डॉक्टर डहाणूहून परतीच्या वाटेवर होते. सिस्टरनी फोन खांद्याने कानाशी धरला होता. डॉक्टर तिकडून विचारत होते, त्या मला विचारत होत्या.

"सर, गिळायला त्रास होतोय?"

"फारसा नाही."

"श्वास?"

"ठीक. मर्यादित."

"दोन-दोन दिसतंय?"

"निश्चित सांगता येणार नाही."

सिस्टरनी फोन बाजूला केला. माझ्या अगदी तोंडाजवळ आल्या. "सर, तिकडे डॉक्टर माझ्या उत्तरावर औषध ठरवतायत. हो की नाही, एवढंच बोला. वर ट्यूबलाइटकडे बघा. मान न हलवता."

मी बघायचा प्रयत्न केला. पापण्या उघडल्या नाहीत.

"आता एका श्वासात आकडे म्हणा. एक, दोन, तीन..."

सात-आठपर्यंत गेलो आणि श्वास संपला. साधे आकडे. शाळेतलं पोर एका दमात म्हणतं ते. त्या क्षणी मला कळलं की मी मरतोय आणि मरतानाही 'विशेष नाही' म्हणतोय.

"सिस्टर," मी म्हणालो. जीभ जड झाली होती, एकेक शब्द ढकलावा लागला. "गिळता येत नाही. श्वास पुरत नाही. मला फार भीती वाटतेय."

"मलाही," त्या म्हणाल्या. "आता औषध लावते."

त्यांनी माझं मनगट धरलं. सुई पहिल्याच वेळेला शिरेत गेली. मग बाटली लागली, दंडात आणखी एक इंजेक्शन, आणि खुंटीवरचा तो फुगा उशाशी आला. दुपारी मी हातात न घेतलेला. सिस्टरनी मुखवटा माझ्या नाकातोंडाजवळ तयार धरला. दर थोड्या वेळाने त्या म्हणायच्या, "आकडे," आणि मी म्हणायचो. आठ. परत आठ. पुढे सहा. त्यांनी मुखवटा बसवला आणि फुगा दाबायला लागल्या. माझा श्वास त्यांच्या मुठीत होता. मला फक्त एकच वाटत होतं, की हा हात थांबू नये.

डॉक्टर आले तेव्हा औषधाने धरायला सुरुवात केली होती. ॲम्ब्युलन्स दाराशी तयार ठेवली, पण निघावं लागलं नाही. आकडे परत वाढायला लागले. बारा. पंधरा. व्हरांड्यात रमणभाई मोठ्याने माझ्याबरोबर मोजत होते, गुजरातीतून.

रविवारी सकाळी, त्याच खाटेवर

डोळे उघडले तेव्हा ऊन पायांवर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, बहुधा मण्यार. साप पाहिलेला नसला की पैज लावायची नाही. काशीबाय पहाटेच भात झोडायला परत गेल्या होत्या. जाताना रमणभाईंना सांगून गेल्या, "साहेबाला सांग, चावला तर बोंबलायचा असतंय."

सिस्टर चहा घेऊन आल्या. रात्रभर त्या घरी गेल्या नव्हत्या. उजवा पंजा त्या डाव्या हाताने चोळत होत्या.

मी त्यांच्याकडे बघत होतो आणि माझ्या मनात जे आलं ते लपवत नाही. मला वाटलं, ही इथून जाता कामा नये. शंभर खाटांची अट राहू दे. सोमवारी फक्त 'विशेष अडचण नाही' एवढं म्हणायचं. अट आपोआप या बाईला इथे धरून ठेवील आणि हिला कधी कळणारही नाही की का. पुढच्या कापणीला ज्याला साप चावेल, त्याला हा हात मिळेल. विचार इतका सोपा होता की मला त्याचीही भीती वाटली.

"सर, खरं सांगाल?" सिस्टर म्हणाल्या. "नर्सचं होणार आहे का?"

"विचार..." मी सुरुवात केली.

"परत तेच! काल डोळे मिटले होते तरी 'मर्यादित' म्हणत होतात."

मी चहाचा पेला खाली ठेवला. "आतलं सगळं मला सांगता येत नाही. पण एक गोष्ट आडवी येतेय. ती राहिली तर तुम्हाला जाता येणार नाही. ती काढायला मी सांगणार आहे. निघेल की नाही, माहीत नाही."

त्यांनी माझा पेला उचलून घेतला. मग हसल्या. "निघाली तर मग तुम्ही परत कापणीला इकडे येऊ नका, सर."

मी हसलो नाही. त्याही लगेच गंभीर झाल्या आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "मलाही तेच वाटतं. रात्री तुमच्याकडे बघून तेच वाटत होतं. पण जायचंय मला."

मुंबई

सोमवारी हॉटेलच्या त्या गार खोलीत मी पायाला पट्टी बांधून बसलो होतो. समोरच्या बाजूच्या प्रमुख बाई शांत, नेटक्या, पेन कागदाला समांतर ठेवणाऱ्या. दीड वर्षात त्यांनी मला एकदाही सरळ उत्तर दिलं नव्हतं, मीही त्यांना दिलं नव्हतं. आमचं त्यामुळे छान चाललं होतं.

"शंभर खाटांची अट," त्या म्हणाल्या. "तुम्हाला अडचणीची आहे का?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. ठरलेलं उत्तर त्यांना माहीत होतं, मलाही होतं. माझ्या पोटात लिफ्ट थरथरली.

"हो," मी म्हणालो. "दुखतं. इथेच दुखतं."

पेन कागदावरून घसरलं. मॅडमनी श्वास रोखला. मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर परत 'तपासून पाहू' बाहेर पडलं असतं. मी सहा खाटांच्या केंद्राबद्दल सांगितलं. एका श्वासात आकडे म्हणायला लावतात, ते सांगितलं. माझे किती झाले, ते सांगितलं. फुगा सांगितला. त्या बाईंनी नंतर फक्त एक प्रश्न विचारला, "त्या नर्सचा हात दुखला असेल ना?" मी म्हणालो, हो.

याची किंमत लागली, हे लपवून ठेवणार नाही. दुखतं कुठे ते सांगितल्यावर समोरचा बोट ठेवणारच, त्यांनी ठेवलं. दुपारच्या बैठकीत सॉफ्टवेअरवाल्यांची वाढलेली मुदत परत गेली. आणि अटीच्या ओळीतून शंभर खाटा निघाल्या. तिथे 'नोंदणीकृत आरोग्य संस्था' आलं. केंद्र त्यात बसत होतं. मॅडम माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "पाय कसा आहे?" मी म्हणालो, "दुखतोय." त्या म्हणाल्या, "बरंच शिकलास."

करार अजून पूर्ण झालेला नाही, पण ती ओळ ठरली. मी दिल्लीला परत आलो. अजून रोज बूट झटकून घालतो. संध्याकाळी कोणी बघत नसताना एका श्वासात आकडे म्हणून बघतो. चाळिसापर्यंत जातो आणि तिथे थांबल्यावर मला ती तेव्हा न दिसलेली ट्यूबलाइट आठवते.

मागच्या आठवड्यात रमणभाईंचा फोन आला. जशुबेन बऱ्या आहेत, चिकू भरपूर आहे, या, असं सगळं झाल्यावर ते जरा घुटमळले.

"सिस्टर आता रविवारी डहाणूला त्या देशाची भाषा शिकायला येतात. जाणार म्हणतात." मग थांबून म्हणाले, "साहेब, काशीबाय विचारते. सिस्टर गेली तर त्या खाटेशी कोण उभं राहणार? तुम्हालाच विचार म्हणाली."

'बघू' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. गेली कित्येक वर्षं तो तिथे तयारच असतो.

"मला माहीत नाही, रमणभाई," मी म्हणालो. "मला भीती वाटते."

"अमने पण, साहेब," रमणभाई म्हणाले.